लाल म्हटल्यावर

पाकीट स्टुडिओच्या दाराखालून आत सरकवलेलं होतं आणि त्यावरची अक्षरं पहिलीतल्या पोराने काढावीत तशी होती. 'मिस बर्ना.' शेवटचं अक्षर दमून खाली बसलेलं. बर्ना कुलिकने ते आधी बुटाच्या टोकाने बाजूला सारलं, कारण बुधवारी सकाळी दाराखालून जे येतं ते पिझ्झा विकणारं असतं नाहीतर देव, हा तिचा एकोणीस वर्षांचा अनुभव. दिवे लावून, हीटर सुरू करून, कोट अर्धा काढून ती परत आली आणि वाकून पाकीट उचललं. आत किल्ली होती. चिठ्ठी नव्हती. किल्लीला हिरव्या लोकरीचा गोंडा होता, तिच्याकडे काम करणाऱ्या लिएनने स्वतः बांधलेला, म्हणजे किल्ली लिएनची. आणि अक्षरं लिएनच्या डाव्या हाताची, कारण उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. एवढं कळायला बर्नाला एक क्षण लागला आणि राग यायला अर्धा. तो राग तिच्यापाशी थांबलाच नाही. जिना उतरून, चार रस्ते ओलांडून तो थेट ओडेसा क्रेनच्या दारात जाऊन उभा राहिला. रागाचीही ठरलेली गिऱ्हाइकं असतात.

राग आला की बर्ना चामडं पुसायची. खोगिराचा साबण, ओलं फडकं, मग कोरडं फडकं. पट्टे, मनगटाची कडी, गुडघ्याखाली घ्यायच्या गाद्या. आज तिने एकच पट्टा तीनदा पुसला. खाली जुन्या हॉटेलांची भांडी आणि भट्ट्या विकणारा दुकानदार काहीतरी जड ओढत होता आणि फरशी तळपायांना गुरगुरत होती. एक वाजता निवृत्त शाळा-तपासनीस यायचा होता. तो गुडघ्यावर बसून फरशी पुसायचा आणि कोपरे राहिले म्हणून बोलणी खायचा, आणि ती बोलणी ऐकायला चांगले पैसे मोजायचा. बर्नाने या धंद्यात सगळ्या जातीचे पुरुष पाहिले होते. दिवसभर हुकूम सोडून घसा बसलेले, तासभर दुसऱ्याचा हुकूम घ्यायला आलेले. त्यातले बहुतेक सरळ असतात. बँकेच्या रांगेत भेटतात त्याहून सरळ. पण शंभरात एक असा येतो की त्याला हुकूम घ्यायचा नसतो, हुकूम सोडणारीला मोडायचं असतं, आणि तोही गुडघ्यावरच बसतो, तोही 'होय बाईसाहेब' म्हणतो. तो शंभरावा माणूस दारातच ओळखणं हीच या धंद्यातली खरी अक्कल. बाकी चामडं काय, कुणीही पुसतं.

आणि तो ओळखायचा कसा हे ट्राउटमानबाईने शिकवलं होतं, दोघींनाही, तिला आणि ओडेसाला, एकाच हिवाळ्यात, बेलमाँट रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांत, जिथे नेहमी कोबी शिजल्याचा वास असायचा. बर्ना तेव्हा आईबरोबर ऑफिसं झाडायची आणि ओडेसा लुईव्हिलहून बापाचं शिंप्याचं दुकान बुडल्यावर आलेली. दोघींना मिळून एकच कपाट. ट्राउटमानबाई पासष्टीची, पायात लोकरी सपाता, गिऱ्हाइकासमोर तेवढे उंच टाचांचे बूट. ती म्हणायची, "पोलीस आपले नाहीत. वकील आपल्याला हसतात. आपल्याला फक्त फोन आहे." नवा माणूस आला की तो आधी कुठे जायचा ते विचारायचं आणि तिथे फोन करायचा, मग ती बाई आपली वैरीण का असेना. तीन प्रश्न. वेळेवर येतो का? अंग धुऊन येतो का? लाल म्हटल्यावर थांबतो का? खोलीत 'नको, सोडा' हे सगळं नाटकातलं असतं, त्याला काही किंमत नसते. म्हणून एक शब्द नाटकाबाहेरचा, लाल, आणि तो कुणीही उच्चारला, गुडघ्यावरच्याने किंवा उभी असलेलीने, की सगळं तिथल्या तिथे थांबलं पाहिजे. "गिऱ्हाईक पळवा," ट्राउटमानबाई बोट नाचवत म्हणायची, "मुली पळवा, पडदे शिवणारी पळवा. फोनवर मात्र खरं सांगायचं. जेवढं विचारलं तेवढं. न विचारलेलं सांगते ती चहाडखोर आणि विचारलेलं लपवते ती खुनी." जी हे पाळणार नाही तिचा शब्द बंद. म्हणजे शहरातल्या कुणीही तिचा फोन घ्यायचा नाही. शब्द बंद झालेली बाई वर्षभर टिकलेली बर्नाने पाहिली नव्हती. शंभरावा माणूस तिच्या दारात बरोबर पोचतो.

तर आज ओडेसाचा शब्द बंद करायचा. हे ठरलं तेव्हा बर्ना रस्त्यावर होती, कोटाची बटणं चुकीच्या काजांत, आणि सरोवरावरून येणारा वारा सरळ तोंडावर. चार रस्ते. बारा वर्षांपूर्वी ओडेसाने मुद्दाम एवढ्या जवळ जागा घेतली. बर्नाने भिंती काळपट लाल रंगवल्या की महिन्यात ओडेसाच्याही काळपट लाल. बर्नाची शिवणकाम करणारी ओडेसाकडे गेली. ओडेसाने जाहिरातीत लिहिलं, 'शहरातली सर्वात जुनी परंपरा', म्हणजे जणू ट्राउटमानबाई मरताना तिच्याच मांडीवर होती. मांडीवर कुणाच्याच नव्हती, इस्पितळात एकटी मेली, आणि दोघी दुसऱ्या दिवशी कळल्यावर गेल्या आणि लिफ्टमध्ये एकमेकींशी बोलल्या नाहीत. हे सगळं सोसलं. धंदा म्हटलं की एवढं चालायचंच. पण कर्नल? तो कर्नल नव्हताच, विम्याच्या कंपनीतला कुणी होता, उंच, कानशिलं पांढरी, बूट आरशासारखे. ओडेसाचा जुना माणूस. त्याला गुरुवारी चारचा तास हवा होता आणि ओडेसा देत नव्हती, म्हणून ऑक्टोबरमध्ये तो बर्नाकडे आला. बर्नाने रीतीप्रमाणे फोन केला. ओडेसा म्हणाली, वेळेवर येतो, स्वच्छ असतो. आणि तिसऱ्या गुरुवारी लिएनने त्याला तीनदा लाल म्हटलं आणि त्याने हसून तिचं मनगट पिरगाळलं, दोन ठिकाणी. लिएन सत्तावीस वर्षांची, सकाळी केस कापायच्या शाळेत जाते. जायची. कात्री उजव्या हातात धरतात. कर्नल कपडे घालून, केसांवरून कंगवा फिरवून, जिन्यात भेटलेल्या भांडीवाल्याला 'गुड आफ्टरनून' म्हणून निघून गेला होता. वेळेवर.

आणि या सगळ्या वाटेवर, भट्टीतून काढलेल्या पावाच्या वासाच्या दुकानापाशी, सिग्नलला, पुन्हा पुलाखाली, बर्नाच्या डोक्यात मध्येच एक नळ वाहत होता. तिच्या स्टुडिओतल्या छोट्या स्वयंपाकघरातला नळ. का वाहतोय ते तिने पाहिलं नाही. राग असला की माणसाला बाकीचं घर हिंडायला वेळ नसतो.

ओडेसाचा स्टुडिओ पूर्वी दाताचा दवाखाना होता आणि अजून तिथे लवंगेच्या तेलाचा वास यायचा. ती मागे पडणारी खुर्चीही तिने ठेवली होती. गिऱ्हाइकांना ती फार आवडायची. ओडेसा खिडकीशी स्टुलावर बसून, नाकाच्या टोकावर चष्मा, एका फाटलेल्या पट्ट्याला मेणाचा दोरा घालून टाके मारत होती. शिंप्याच्या मुलीचे टाके, मुंगीच्या रांगेसारखे. तिने वर पाहिलं नाही.

"ये. मला वाटलं तू सोमवारीच येशील."

"लाज नाही वाटत तुला?"

"वाटते ना. कोट नीट लाव आधी, बटणं बघ कशी लावलीयेस. बस. त्या खुर्चीत नको, मागे पडशील."

"पोरीचं मनगट मोडलंय, ओडेसा. दोन ठिकाणी."

"ठाऊक आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. काल फोन केला होता." ओडेसाने दोरा दाताने तोडला. "माझ्याकडे काम आहे का विचारत होती. हात बरा झाल्यावर. मी म्हटलं उद्या बाराला कर."

बर्नाला खिशातली किल्ली मांडीला टोचली. म्हणजे हिरवा गोंडा, एकोणीस वर्षांत तिने पाहिलेली सगळ्यात चांगली मुलगी, जिला ती मागच्या वर्षीपासून मनातल्या मनात स्टुडिओ देऊन टाकत होती, ती मुलगी सुद्धा या बाईच्या सुईत ओवली जाणार. भिंतीवर दवाखान्याच्या काळचं घड्याळ होतं, दाताच्या आकाराचं. पावणेबारा.

"आधी पोरीचा हात मोडवायचा आणि मग पोर उचलायची," बर्ना म्हणाली. "वा गं वा. असा धंदा म्हाताऱ्या ट्राउटमानलाही सुचला नसता. मी आज सगळ्यांना फोन करणार आहे. शिकागो, मिलवॉकी, डेट्रॉइट. तुझा शब्द बंद."

"कर की. कारण काय सांगशील?"

"तू खोटा शब्द दिलास."

"काय खोटं? वेळेवर येत नाही तो?"

"येतो."

"घाणेरडा असतो?"

बर्नाने कोटाचं एक चुकलेलं बटण सोडलं.

"तिसरं तू विचारलंस?" ओडेसाने आता चष्म्यावरून पाहिलं. "आठव. मी आठवण करून देऊ? तू म्हणालीस, 'काय गं, तुझा कर्नल आता माझा झाला, गुरुवार चार दिलाय त्याला, आपलं रीत म्हणून विचारते.' आणि हसत होतीस. मी दोनाची उत्तरं दिली आणि तिसऱ्याची वाट बघत उभी राहिले, हातात फोन घेऊन, अशी. तू ठेवलास."

"तुला माहीत होतं."

"जूनमध्ये माझ्याकडे त्याने थांबायला वेळ लावला होता. मोडतोड नाही, वेळ लावला. म्हणूनच गुरुवार देत नव्हते. गुरुवारी मी एकटी असते. त्याला हळूहळू काढूनच टाकणार होते. तेवढ्यात तू उचललास. वर फोन करून दात काढलेस."

"मग सांगायचंस! तोंड होतं ना? परत फोन करायचास!"

"करायला हवा होता." ओडेसाने पट्टा मांडीवर ठेवला. "दोनदा उचलला. तुझं ते हसणं कानात होतं. म्हटलं, जेवढं विचारलं तेवढं. म्हातारीचाच नियम आहे की. म्हटलं, बसू दे हिला चटका. चटका तुला बसेल असं वाटलं होतं, बर्ना. आपण पन्नाशीच्या बायका, आपल्याला काय धाड भरते. मुलीला बसेल हे डोक्यातच आलं नाही. हे माझ्या माथी. ते मी नाकारत नाही. सांग सगळ्यांना, मी पण सांगेन."

बर्नाला हे नको होतं. ती भांडायला आली होती आणि समोरची बाई हात पसरून उभी राहिली की भांडणाचा तोल जातो. ढकलायला गेलेला माणूस स्वतःच पुढे पडतो. तिने राग पुन्हा गोळा केला. गोळा करताना त्यातला थोडा सांडतो आहे हे तिला जाणवलं आणि तिने आवाज चढवला. "नाटकं पुरे. तुला माझा स्टुडिओ बंद करायचाय. बारा वर्षं तेवढंच करायचंय."

"हो," ओडेसा म्हणाली. "अगदी मनापासून. रोज सकाळी दात घासताना मी तेच मागते. पण असा नाही." तिने घड्याळाकडे पाहिलं. "बाराला ती फोन करेल. मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात येते तेव्हा आधीच्या मालकिणीबद्दल विचारायचं, ही रीत तुलाही ठाऊक आहे. तेच तीन प्रश्न. पैसे वेळेवर देते का, जागा स्वच्छ ठेवते का, लाल म्हटल्यावर थांबते का. मला विचारावं लागणार. तुझ्या पाठीमागे ऐकलं तर तू म्हणशील मी बनवलं. म्हणून वाट बघत होते तुझी. बस म्हटलं ना. चहा ठेवू?"

चहा ठेवण्यासाठी तिने नळ सोडला. दवाखान्याचं जुनं बेसिन, उंच वाकडी मान असलेला नळ, आणि पाणी पत्र्यावर पडायला लागलं तसं बर्नाच्या डोक्यातलं ते स्वयंपाकघर, जे तिने चार रस्ते टाळलं होतं, समोर येऊन उभं राहिलं. पहिला गुरुवार. साडेपाच वाजलेले. कर्नल गेला होता. लिएन दाराच्या चौकटीत उभी, अजून उंच बूट घातलेले, एका हातात केसांच्या पिना. "मिस बर्ना, हा माणूस मला नको. ऐकायला वेळ लावतो." बर्ना कप विसळत होती. ती काय म्हणाली होती? ती म्हणाली होती, "अगं, नवा आहे, बुजलाय." मग म्हणाली होती, "तो परत तिकडे गेला ना, तर ओडेसा सहा महिने हसेल मला." हे ती लिएनला म्हणाली होती, जणू लिएनने ओडेसाच्या हसण्याचा मक्ता घेतला होता. दुसरा गुरुवार. पुन्हा तीच चौकट, पुन्हा कप. या वेळी लिएनने कारण सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, "मिस बर्ना, लाल."

स्वयंपाकघरात. चहाच्या कपांमध्ये, पेपर टॉवेलच्या गुंडाळीशेजारी. तो शब्द खोलीतला, खोलीबाहेर कुणी तो वापरत नाही, जसं देवळातली घंटा कुणी घरी नेऊन वाजवत नाही. बर्नाला क्षणभर हसू आलं होतं. आणि मग तिने नळ मोठा केला. कप स्वच्छ होता. तरी तिने तो पुन्हा विसळला, आतून, बाहेरून, कानाच्या आतून, आणि पाठीमागे चौकटीत कुणी उभं आहे की गेलं हे तिने पाहिलं नाही. पाणी बंद केलं तेव्हा लिएन गेली होती. नळाचा आवाज होता, असं बर्नाने त्या रात्री स्वतःला सांगितलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती, इतकी ती गोष्ट बारीक होती. ती गरज पडली तिसऱ्या गुरुवारनंतर, इस्पितळात, एक्स-रेच्या बाहेरच्या बाकावर. तेव्हापासून नळ वाहत होता आणि त्याच्यावर ओडेसाचं नाव लिहिलेलं होतं.

फोन वाजला तेव्हा बाराला दोन मिनिटं होती. लिएन नेहमी दोन मिनिटं आधी. ओडेसाच्या हाताला मेण लागलेलं, तिने कोपराने बटण दाबलं आणि आवाज खोलीत मोकळा सोडला. बर्ना उठून उभी राहिली. तिला जाता आलं असतं. दार तीन पावलांवर होतं.

"मिस क्रेन? मी लिएन. काल बोलले होते ती."

"हं, बोल बाळ. हात कसा आहे?"

"खाजतो. आतून. सुई घालून खाजवते."

"विणायची सुई घाल, शिवायची नको. ऐक, तुला घ्यायला माझी ना नाही. पण रीत म्हणून तीन प्रश्न विचारायचे आहेत, बर्नाबद्दल. खरं सांगायचं. तू खोटं सांगितलंस तर पुढे दुसऱ्या एखाद्या मुलीच्या जिवावर येईल. कळलं?"

"हो. शिकवलंय मिस बर्नांनी."

बर्नाने खिशात किल्ली मुठीत धरली.

"पैसे वेळेवर देते?"

"नेहमी. एकदा मी आजारी होते तेव्हा घरी आणून दिले. सूप पण."

"जागा स्वच्छ?"

"अगदी. कप तर दोनदा विसळतात." पलीकडे ती किंचित हसली असावी.

ओडेसाने बर्नाकडे पाहिलं नाही. तिने मांडीवरचा पट्टा उचलला, त्याचा टाका बघितला, ठेवला. "लाल म्हटल्यावर थांबते?"

फोनमधून कुठल्या तरी बसचा आवाज आला, दार उघडल्याचा, कुणी चढल्याचा. लिएन विचार करत होती. ती कधीच पटकन उत्तर देत नसे; बर्नाला तिचं तेच आवडायचं.

"मी..." लिएन म्हणाली. "एकदा म्हटलं होतं. पण ते खोलीत नव्हतं. त्यामुळे ते धरायचं की नाही मला माहीत नाही. आणि त्यांना ऐकू गेलं नसेल. पाणी चालू होतं. बहुतेक मीच हळू म्हटलं असेन. तर... थांबतात, असंच लिहा ना. हो. थांबतात."

झालं. शब्द उघडा राहिला. स्टुडिओ राहिला, एक वाजताचा फरशी पुसणारा राहिला, नाव राहिलं, आणि ओडेसा आपल्या बाजूने चोर ठरली ती ठरलीच. बर्नाला फक्त श्वास न घेता उभं राहायचं होतं. मुलीने स्वतःच्या हाताने, त्या डाव्या हाताने, सगळं पाकिटात घालून दिलं होतं. आणि तेव्हा बर्नाला राग आला. इतके दिवस जो येत होता तो याच्यापुढे नुसता पाहुणा होता. हळू म्हटलं असेन? ही मुलगी, जिला बर्नाने वर्षभर शिकवलं होतं की आवाज पोटातून काढ, भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे, ती मुलगी आता बसथांब्यावर उभी राहून स्वतःचाच आवाज तोलून पाहत होती, कमी भरला का म्हणून. हे कर्नलने केलं नव्हतं. कर्नलने हाड मोडलं होतं. हाड सहा आठवड्यांत जुळतं.

ती तीन पावलं चालली. दाराकडे नाही.

"लिएन," बर्ना म्हणाली. तिचा आवाज चढलेलाच होता, तो उतरवायचं तिला सुचलं नाही. "मी इथेच आहे. तू हळू म्हणाली नव्हतीस. पाणी मी नंतर मोठं केलं. मला ऐकू आलं होतं. लाल म्हणालीस. मी थांबले नाही. ओडेसा, लिही तसं."

ओडेसा हलली नाही. किटलीतलं पाणी उकळायला लागलं होतं आणि तिने किटलीही बंद केली नाही. फोनमध्ये बस निघून गेल्याचा आवाज आला, मग नुसता वारा, सरोवरावरचा तोच, चार रस्ते पलीकडचा. बर्ना वाट पाहत राहिली. रडण्याची, शिवीची, फोन ठेवल्याच्या आवाजाची.

"मग? थांबला का नाहीत?" लिएन म्हणाली. पोटातून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं.